एल-५ वरच्या वसाहती आणि शाश्वततेचा वाद : जेरार्ड ओनील यांच्या प्रस्तावाचे प्रकरण

अंतराळातील मानवी वसाहतींचा विषय आज निघाला की चर्चा लगेच दोन-चार अब्जाधीशांच्या नावांपाशी येऊन थांबते, आणि निसर्गाची फिकीर नसलेले तंत्रज्ञ एकीकडे व निसर्गप्रेमी दुसरीकडे अशी सोयीची वाटणी होते. या वादाची पहिली गंभीर फेरी १९७४ ते १९८० या काळात अमेरिकेत झडली, तेव्हा अशी वाटणी नव्हती. प्रस्ताव मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ पृथ्वीवरचा भार हलका करण्याची भाषा बोलत होता, त्याच्या पहिल्या परिषदेला पैसा पर्यावरण चळवळीतून मिळाला होता, आणि त्याच्यावरची सर्वांत जहाल टीका ज्या नियतकालिकाने छापली, त्याच्या संपादकानेच तो पैसा मिळवून दिला होता. मर्यादित पृथ्वीवर माणसाने कसे जगावे, या एकाच चिंतेतून निघालेल्या माणसांमधला तो वाद होता. दोन्ही बाजूंनी ताकदीने मांडणी केली, पण प्रस्तावाचे सर्वांत कच्चे अंग कोणते हे ओळखूनही त्यावर पुरेसे काम कोणी केले नाही, असे या प्रकरणाच्या कागदपत्रांवरून दिसते. म्हणून ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे.

पार्श्वभूमी

जेरार्ड ओनील (१९२७–१९९२) हे प्रिन्स्टन विद्यापीठात कणभौतिकीचे प्राध्यापक होते. वेगवान कण वलयात साठवून ठेवून त्यांची समोरासमोर टक्कर घडवण्याची कल्पना त्यांनी १९५६ मध्ये मांडली होती आणि ती पुढे त्या शास्त्राच्या मुख्य प्रवाहात आली. तेव्हा त्यांना स्वप्नाळू ठरवून बाजूला सारणे सोपे नव्हते. १९६९ मध्ये पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात त्यांनी काही निवडक विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न ठेवला : विस्तारत जाणाऱ्या तंत्रप्रधान संस्कृतीसाठी ग्रहाचा पृष्ठभाग हीच योग्य जागा आहे का? त्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला होता, पण त्याच वर्षी व्हिएतनाम युद्धामुळे अमेरिकेतल्या विद्यापीठांत विज्ञान-तंत्रज्ञानाविषयी संशय दाटलेला होता, आणि विद्यार्थ्यांना विषयात पुन्हा रस वाटावा हाही त्या प्रश्नामागचा एक हेतू होता. आकडेमोडीतून निघालेले उत्तर ‘नाही’ असे होते.

या आकडेमोडीवरचा लेख छापून यायला बरीच वर्षे गेली. अनेक ठिकाणांहून तो साभार परत आला. मे १९७४ मध्ये प्रिन्स्टनला एक छोटी परिषद भरली. तिच्यासाठी ६०० डॉलर दिले पॉइंट फाउंडेशनने, म्हणजे व्यवहारात स्ट्यूअर्ट ब्रँड यांनी, जे काटकसरीच्या आणि स्वावलंबी राहणीच्या अमेरिकी चळवळीतले एक ठळक नाव होते. परिषदेची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली, आणि सप्टेंबर १९७४ मध्ये ‘फिजिक्स टुडे’ने लेख छापला.

वेळ मोठी नेमकी होती. क्लब ऑफ रोम या विचारगटासाठी तयार झालेल्या १९७२ च्या अहवालाने असे बजावले होते की लोकसंख्या, उत्पादन आणि प्रदूषण याच गतीने वाढत राहिले तर शंभर वर्षांच्या आत ही वाढ मर्यादेवर आदळेल. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलपुरवठा रोखला आणि अमेरिकेत पेट्रोलपंपांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. जगाची लोकसंख्या ४ अब्जांच्या घरात होती आणि वर्षाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढत होती. ओनील यांनी या अहवालाचे गणित खोडून काढले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते की मर्यादा मोजताना हद्द पृथ्वीच्या वातावरणापाशी आखली गेली आहे, आणि तिथेच ती आखावी असे भौतिकशास्त्र सांगत नाही.

प्रस्ताव काय होता

चंद्र आणि पृथ्वी यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या मेळातून अवकाशात पाच समतोल बिंदू तयार होतात. त्यांपैकी चौथा आणि पाचवा स्थिर असतात, म्हणजे त्यांच्या आसपास ठेवलेली वस्तू फारसे इंधन न खर्चता तिथेच घुटमळत राहते. ओनील यांनी वसाहतींसाठी हाच पट्टा सुचवला आणि पाचव्या बिंदूचे ‘एल-५’ हे नाव पुढे या साऱ्या चळवळीलाच चिकटले. त्यांच्या मांडणीतली सर्वांत मोठी वसाहत म्हणजे ६.४ किलोमीटर व्यासाचा आणि ३२ किलोमीटर लांबीचा पोकळ दंडगोल होता. तो स्वतःभोवती फिरत राहील, त्या फिरण्याने आतल्या भिंतीवर उभ्या माणसाला वजन जाणवेल, आणि बाहेरचे आरसे सूर्यप्रकाश आत वळवतील. असे दोन दंडगोल शेजारी शेजारी, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे, अशी जोडी कल्पिली होती. सुरुवात मात्र लहान होती : १०,००० लोकांची पहिली वसाहत, शक्य झाल्यास १९८८ पर्यंत, सुमारे ३१ अब्ज डॉलरमध्ये. हा खर्च अपोलो मोहिमेइतकाच भरतो, असे ते आवर्जून सांगत.

१९७५ च्या उन्हाळ्यात नासाच्या एम्स केंद्राने आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाने दहा आठवड्यांचे अभ्याससत्र घेतले. त्यातून पुढे आलेला आराखडा दंडगोलाचा नव्हता, सायकलच्या ट्यूबसारख्या वलयाचा होता. वलयाचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, नळीचा व्यास १३० मीटर आणि वेग मिनिटाला एक फेरी. वैश्विक किरणांपासून बचाव व्हावा म्हणून त्याभोवती चांद्रमातीपासून बनवलेले जाड कवच होते, आणि साऱ्या रचनेचे बहुतांश वजन, जवळजवळ एक कोटी टन, या एकट्या कवचाचे होते.

एवढे वजन पृथ्वीवरून वर नेणे अशक्य आहे, हे ओनील यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्या योजनेचा खरा कणा इथेच आहे. चंद्राच्या गुरुत्वाकर्षणातून सुटायला दर किलोमागे लागणारी ऊर्जा पृथ्वीच्या तुलनेत विसाव्या हिश्शाहूनही कमी आहे, आणि चंद्रावर हवा नसल्यामुळे घर्षण नाही. म्हणून चंद्रावर विद्युतचुंबकांची लांब रांग उभारायची, तीमधून मातीच्या छोट्या पुड्या एकामागून एक वेगाने फेकायच्या, आणि अवकाशात त्या झेलून त्यांतून ॲल्युमिनियम, टायटॅनियम, सिलिकॉन आणि प्राणवायू काढायचा. अपोलोच्या यात्रींनी आणलेल्या नमुन्यांत ही सारी मूलद्रव्ये मुबलक सापडली होती. त्या मातीच्या वजनातला चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा तर प्राणवायूचाच आहे. १९७७ मध्ये एमआयटीमधले हेन्री कोल्म आणि ओनील यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून या फेकयंत्राचा छोटा नमुना बनवला, आणि तो पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या तीस पटींहून अधिक वेगवाढ देत होता. टीकाकारांनाही हा भाग गंभीरपणे घ्यावा लागला.

राहिला पैशाचा प्रश्न. अभियंते पीटर ग्लेझर यांनी १९६८ मध्ये अशी कल्पना मांडली होती की अवकाशात प्रचंड सौरपटल उभारावे, त्यावर तयार झालेली वीज सूक्ष्मलहरींच्या (मायक्रोवेव्ह) रूपात खाली पाठवावी आणि जमिनीवरच्या अँटेनांच्या जाळ्यात ती गोळा करावी. ओनील यांनी ही कल्पना वसाहतीला जोडली : वसाहतीतल्या लोकांनी चांद्रसामग्रीतून असे उपग्रह बांधायचे आणि पृथ्वीला वीज विकून आपले कर्ज फेडायचे. रांगेत उभे राहून पेट्रोल भरणाऱ्या देशाला हा व्यवहार ऐकण्याजोगा वाटला यात नवल नाही. जुलै १९७५ मध्ये ओनील यांची साक्ष अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे झाली, आणि त्याच वर्षी त्यांच्या समर्थकांनी ॲरिझोनातल्या टूसॉन येथे एल-५ सोसायटी स्थापन केली.

वाद

ब्रँड यांच्या ‘कोइव्होल्युशन क्वार्टर्ली’ या त्रैमासिकाने १९७५ च्या अखेरीस ओनील यांची मांडणी छापली आणि वाचकांकडून व जाणकारांकडून मते मागवली. आलेली उत्तरे पुढील वर्षी प्रसिद्ध झाली आणि नंतर त्यांचे पुस्तकही झाले. वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर आणि खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांचा कल अनुकूल होता. प्रतिकूल बाजूला शेतकरी-लेखक वेंडेल बेरी, नगररचनेचे इतिहासकार लुइस ममफर्ड आणि लहान प्रमाणावरच्या अर्थव्यवस्थेचे पुरस्कर्ते ई. एफ. शुमाखर असे वजनदार लोक होते. यांतले कितीतरी जण ब्रँड यांच्या वाचकांना गुरुस्थानी होते, आणि ही तेढ त्यांना चांगलीच जिव्हारी लागली.

बेरी यांचा आक्षेप मुळावर होता. ज्या बेबंद विस्ताराने पृथ्वीची ही दशा केली, तोच विस्तार आणखी मोठ्या मैदानावर चालू ठेवण्याचा हा बेत आहे. त्यात माणसाला काही सोडावे लागत नाही, शिस्त लावून घ्यावी लागत नाही, म्हणूनच तो एवढा मोहक वाटतो, असा त्यांचा रोख होता. ममफर्ड यांना त्यात बालिश कल्पनांवर चढवलेला तंत्रज्ञानाचा मुखवटा दिसला. मला मात्र या सगळ्यांत सौरऊर्जेवर काम करणारे अभियंते स्टीव्ह बेअर यांची टीका सर्वांत भेदक वाटते, कारण ती तत्त्वात न शिरता वस्तूंकडे पाहते. वसाहतीच्या चित्रांत हिरव्या टेकड्या, पाण्याच्या कडेची घरे आणि झाडी रंगवलेली असे. बेअर म्हणाले की आपल्या डोळ्यांपुढे ते येतच नाही. दिसतो तो एकरच्या एकर पसरलेला वातानुकूलित बसचा अंतर्भाग, हात लागून लागून किंचित तेलकट झालेले कठडे आणि रंग द्यायला झालेले जुने रिव्हेट. यंत्रशाळेत काम केलेल्या कोणालाही हे पटेल. जिथे हवा, पाणी आणि जमीन या तिन्ही गोष्टी यंत्र म्हणून चालवाव्या लागतात, तिथे देखभाल हेच जगणे होते, आणि देखभालीचा हिशेब त्या चित्रांत कुठेच नव्हता.

समर्थकांचे उत्तरही पोकळ नव्हते. पृथ्वीवरच्या गरीब देशांना विकास हवा असेल तर ऊर्जा लागणार. ती कोळशातून काढायची की अणुभट्टीतून, आणि तेही नको असेल तर कोणाला अंधारात ठेवायचे, असा त्यांचा उलट प्रश्न होता. काटकसरीचा उपदेश करणाऱ्यांचे पोट आधीच भरलेले असते, ही त्यांची टोचणी बेरींसारख्या स्वतः नांगर धरणाऱ्या माणसाला लागू नव्हती, पण चळवळीतल्या पुष्कळांना लागू होती. शिवाय खाणी आणि अवजड कारखाने जीवसृष्टी नसलेल्या जागी हलवणे हे निसर्गरक्षणच आहे, ही मांडणी आजही सहज खोडून काढता येत नाही.

लोकसंख्येचा मुद्दा मात्र सपशेल फसवा होता. पृथ्वीवरचा ताण स्थलांतराने कमी होऊ शकेल, असे ओनील यांच्या मूळ मांडणीत होते. त्या वेळची वाढ धरली तर केवळ पृथ्वीची लोकसंख्या आहे तिथेच ठेवण्यासाठी रोज सुमारे दोन लाख माणसे वर न्यावी लागली असती. लोकसंख्यावाढीचा दर पुढे घसरला तो शिक्षण, आरोग्यसेवा आणि संततिनियमन यांमुळे. त्यात रॉकेटचा काही वाटा नाही.

खर्चाचे आकडेही उसने होते. ओनील यांचा हिशेब नासाने स्पेस शटलसाठी जाहीर केलेल्या आशावादी अंदाजांच्या आधाराने उभा होता, आणि त्या अंदाजांत वर्षाला साठपर्यंत उड्डाणे धरलेली होती. शटल प्रत्यक्षात १९८१ मध्ये उडाले, एका वर्षात सर्वाधिक उड्डाणे झाली ती १९८५ मध्ये नऊ, आणि ३० वर्षांत मिळून एकूण १३५. पाया इतका खचल्यावर वरच्या मजल्यांची चर्चा करण्यात अर्थ उरत नाही.

आणि मग माती-हवेचा प्रश्न. पॉल आणि ॲन एर्लिक या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने कल्पनेतले आकर्षण मान्य करून नेमके बोट ठेवले होते : मोठी, स्थिर राहणारी कृत्रिम परिसंस्था कशी उभी करायची हे परिस्थितिविज्ञानाला माहीतच नाही. हा आक्षेप छापला गेला, वाचला गेला, आणि तिथेच राहिला. समर्थकांनी तो ‘पुढे सुटेल’ अशा खात्यात टाकला. विरोधकांना तो आपल्या नैतिक आक्षेपापुढे दुय्यम वाटला. स्टॅनफर्डच्या आराखड्यात माणशी पिकांखालचे क्षेत्र ५० चौरस मीटरहून कमी धरले होते, तेही एकावर एक मजले रचून. अखंड सूर्यप्रकाश आणि नियंत्रित हवेत विक्रमी उत्पन्न निघेल, या गृहीतकावर ते बेतले होते. चंद्राच्या मातीत कार्बन, नायट्रोजन आणि हायड्रोजन जवळजवळ नाहीत, म्हणजे सजीवांच्या शरीराला लागणारा मुख्य ऐवज पृथ्वीवरूनच न्यावा लागणार, ही अडचण ओनील यांनी मान्य केली होती. पण एकदा नेलेला तो ऐवज वर्षानुवर्षे न सांडता फिरता कसा ठेवायचा, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

निकाल कसा लागला

वाद विचारांच्या पातळीवर मिटला नाही, तो अंदाजपत्रकात मिटला. १९७७ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात वसाहतींचा विषय झळकल्यावर सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी असल्या वेडगळ कल्पनेवर एक पैसाही खर्च होऊ देणार नाही, अशा अर्थाची तंबी दिली. नासाच्या निधीची मंजुरी त्यांच्याच उपसमितीच्या हातात होती, तेव्हा ती पोकळ धमकी नव्हती. अमेरिकी ऊर्जा खाते आणि नासा यांनी मिळून सौर ऊर्जा उपग्रहांचा अभ्यास १९८० पर्यंत चालवला. त्यातला नमुना आराखडा प्रत्येकी ५ गिगावॅटच्या साठ उपग्रहांचा होता आणि एकेका उपग्रहासाठी जमिनीवर सुमारे १० किलोमीटर रुंद व १३ किलोमीटर लांब अँटेनाक्षेत्र लागणार होते. तेलाचे भाव पुढे उतरले आणि विषय मागे पडला.

एल-५ सोसायटीला एकच ठळक राजकीय यश मिळाले, आणि ते बांधण्याचे नव्हे, अडवण्याचे होते. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर १९७९ मध्ये चंद्र करार स्वीकारला. चंद्र आणि त्यावरची साधनसंपत्ती हा सर्व मानवजातीचा सामाईक वारसा आहे, असे तो म्हणतो. अशा कराराखाली खासगी वसाहती उभ्या राहणार नाहीत, या भीतीने सोसायटीने १९८० मध्ये त्याविरुद्ध जोरदार मोर्चेबांधणी केली, आणि अमेरिकेने त्यावर सही केली नाही. भारताने १९८२ मध्ये सही केली, परंतु आजतागायत अनुसमर्थन दिलेले नाही; उलट जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारांवर सही केली, ज्यांत अवकाशातील साधनसंपत्तीच्या उपशाला वाव ठेवलेला आहे. शाश्वततेच्या वादाचा मालकी हा गाभा आहे, आणि १९७० च्या दशकातल्या चर्चेने त्याला ओझरता स्पर्श केला, एवढेच. पृथ्वीचा भार हलका करू पाहणारी चळवळ सामाईक वारशाच्या कल्पनेला विरोध करत संपावी, यातला विरोधाभास तिच्या सदस्यांना फारसा टोचल्याचे दिसत नाही. १९८७ मध्ये सोसायटी दुसऱ्या एका संस्थेत विलीन झाली.

उशिरा आलेला पुरावा

एर्लिक दांपत्याच्या आक्षेपाची परीक्षा दीड दशकाने झाली, तीही अंतराळात नव्हे, ॲरिझोनाच्या वाळवंटात. बायोस्फिअर-२ या ३.१४ एकरांच्या काचेच्या बंदिस्त वास्तूत २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसे आत गेली आणि दोन वर्षांनी बाहेर आली. आत शेत होते, छोटा समुद्र होता, वर्षावनाचा तुकडा होता. सोळा महिन्यांत हवेतला प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास आला. माणसांना धाप लागू लागली, आणि बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. कारण शोधायला वेळ लागला, कारण हिशेब जुळत नव्हता : शेतात घातलेल्या कंपोस्टयुक्त मातीतले सूक्ष्मजीव प्राणवायू खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते, मग तो हवेत त्या प्रमाणात वाढायला हवा होता, पण वाढलेला दिसत नव्हता. तो काँक्रीटने शोषून घेतला होता. भिंतींच्या आतल्या चुन्याशी त्याचा संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट तयार होत होते, आणि त्यात प्राणवायू कायमचा अडकत होता. आराखड्यात भिंत ही भिंत होती. बंद हवेत ती रसायनशाळा निघाली.

अन्नाचा अनुभवही तितकाच बोलका आहे. आठ जणांसाठी सुमारे अर्धा एकर शेत होते, म्हणजे माणशी अडीचशे चौरस मीटरच्या आसपास, स्टॅनफर्ड आराखड्याच्या पाचपटीहून अधिक. तरीही ती माणसे अर्धपोटी राहिली आणि त्यांची वजने लक्षणीय घटली. तुलना करताना ढगाळ हिवाळा आणि काचेने अडवलेला सूर्यप्रकाश यांची सूट द्यायला हवी, आणि अनुभवी शेतकऱ्यांची उणीवही. परागीभवन करणारे कीटक मेले, मुंग्या आणि झुरळे फोफावली. पण सूट देऊनही पाच पटींचे अंतर भरून निघत नाही. प्रकल्पाची त्या वेळी दिखाऊपणाबद्दल बरीच हेटाळणी झाली, आणि तिच्यात तथ्यही होते. तरी ओनील वादात जो प्रश्न दोन्ही बाजूंनी सोडून दिला त्यावर प्रत्यक्ष मोजमाप देणारा तो पहिला मोठा प्रयत्न होता.

आजचा संदर्भ

मे २०१९ मध्ये ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी वॉशिंग्टनमध्ये दाखवलेली चित्रे जवळजवळ तशीच होती : फिरते दंडगोल, आत टेकड्या, नद्या, पाखरे. बेझोस प्रिन्स्टनचे विद्यार्थी. तिथेच त्यांनी ओनील यांची मांडणी आत्मसात केली. अवजड उद्योग पृथ्वीबाहेर न्यावेत आणि सूर्यमालेत एक लाख कोटी माणसे राहावीत, हे त्यांचे म्हणणे ओनील यांच्या मुद्द्यांचाच विस्तार आहे. फरक एवढाच की रॉकेट आता खरोखर स्वस्त होत आहेत, त्यामुळे १९७० च्या दशकात जो आधार उसना होता तो आज काही प्रमाणात खरा आहे. त्यावरच्या टीकेतही बेरी आणि ममफर्ड यांचेच आक्षेप, बहुधा त्यांचे नाव न घेता, पुन्हा पुढे येतात.

बंद चक्राच्या बाबतीत स्थिती किती सरकली, याचे माप आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मिळते. तिथे श्वासातला दमटपणा, घाम आणि मूत्र यांतून सुमारे ९८ टक्के पाणी परत मिळवता येते, हे नासाने २०२३ मध्ये जाहीर केले, आणि ही कामगिरी खरोखर मोठी आहे. ती यंत्रे, पंप, गाळण्या आणि रसायने यांची आहे; त्यांचे सुटे भाग मालवाहू यानांतून येतात. प्राणवायूचे चक्र अजून अर्धेच बंद होते. सॅलडची पाने आणि मिरच्या प्रयोगादाखल पिकवल्या गेल्या आहेत, मात्र यात्रींच्या पोटात जाणारे जवळजवळ सगळे अन्न, चारशे किलोमीटरवर असूनही, पृथ्वीवरच्या शेतातलेच असते.